शुभमंगल पेठेतला पहिला बस्ता

रूपला बुढा रात्र काढतो की नाही, या काळजीनं जगदेवच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रूपला त्याचा कोणी लागत नव्हता. गल्लीच्या मागच्या अंगाला राहणारा तो म्हातारा वाजंत्री, कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला. पण तो गेला असता तर त्याची मयत जगदेवच्या दुकानासमोरूनच निघाली असती, आणि नेमका आजच मेडशीच्या दौलतरावांच्या घरचा बस्ता यायचा होता. उजाडता उजाडता जगदेव स्वतः रूपलाच्या दारात जाऊन आला. म्हाताऱ्यानं पेज मागून घेतली होती. ते ऐकून जगदेवचा चेहरा असा काही उजळला की रूपलाच्या सुनेला वाटलं, असा मायेचा माणूस साऱ्या मालेगावात नसेल.

माणूस वाईट नव्हताच तो. फक्त घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस काय काय करून बसतो ते त्याचं त्यालाही नंतरच कळतं.

कापडाचं दुकान बापाच्या वेळचं. मोटारी जुन्या नाक्यावर थांबत तोवर उतरणारा प्रत्येक माणूस याच गल्लीतून बाजारात जायचा, आणि कापडओळ म्हटलं की मंगरूळपीरपर्यंत लोक मान डोलवायचे. मग स्टँड वाशीमच्या रस्त्याला गेला आणि गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग गेलं. वर दुष्काळ पडला. शिंपी उठले, सोनार उठला, हॉटेलवाल्यानं भट्टी विकली. गल्लीत मोजकी दुकानं राहिली, आणि एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली. मसणवटीचा रस्ता गल्लीतूनच जात होता, आणि गल्लीच्या तोंडाशी गोजराबाईचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान होतं. बांबू, सुतळी, मडकी, गुलाल, पांढरं कापड. इतर काही चालत नसताना तेवढं एक दुकान चालत होतं, म्हणून लोक कापडओळीला मयतगल्ली म्हणायला लागले. आता मयतगल्लीत लग्नाचं कापड घ्यायला कोण येणार?

अकोल्याच्या साल्यानं जगदेवला आपल्या दुकानात ये म्हणून निरोप धाडला होता. मालक म्हणून नाही, थानं काढून दाखवायला. ‘आखाजीपर्यंत पाहतो,’ असं जगदेव बायकोला, रुख्मिणीला म्हणाला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि रुख्मिणी बोलत काही नव्हती, पण घरातली कुठली भांडी न्यायची आणि कुठली वाटून टाकायची याचा हिशेब तिच्या नजरेत दिसायला लागला होता. बापाच्या गादीवरून उठून दुसऱ्याच्या गादीखाली उभं राहायचं, या विचारानंच जगदेवच्या तोंडचं पाणी पळायचं.

अशात त्याला ती कल्पना सुचली. गल्लीत उरलं होतं काय? कापड, भांडी, बांगड्या आणि एक बाशिंगवाला. म्हणजे लग्नाला लागणारं झाडून सगळं. मग गल्लीचं नावच बदललं तर? भांड्यांचा दुकानदार उदयसिंग याला ती कल्पना इतकी आवडली की चार दिवसांत ती त्याचीच झाली. भिंतींना पोपटी रंग लागला, पताका टांगल्या, लाउडस्पीकर ठरला. गल्लीच्या तोंडावर बोर्ड चढला: ‘शुभमंगल पेठ’. अक्षरांच्या दोन्ही बाजूंना कलश काढले होते. त्यातला एक मडक्यासारखा दिसत होता, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही.

“आता अशुभ काई दिसलं नाई पायजे,” उदयसिंगनं फर्मान काढलं. गादीवरच्या पांढऱ्या चादरी गेल्या, फुलाफुलांच्या आल्या. कापडवाल्यांकडची मांजरपाटाची सगळी थानं काढायची ठरली. पांढरं कापड पाहून कोणाला काय आठवेल सांगता येत नाही. ती थानं गोजराबाईच्या दुकानात नेऊन टाकली, कारण तिथं ती शोभत होती. आणि गोजराबाईनं बस्त्याच्या दिवशी दुकान बंद ठेवायचं, आखाजी झाली की दुकान उचलून नाल्यापल्याड मसणवटीजवळ न्यायचं. हे तिला सांगणार कोण, यावर सगळे जगदेवकडे पाहायला लागले.

तो गेला तेव्हा ती सुतळी गुंडाळत बसली होती. वाळलेल्या अंगाची, कमी बोलणारी बाई. नवरा गेला त्या वर्षापासून दुकान एकटीनं सांभाळत होती, राहत होती तीही तिथंच. तिचे काही नेम होते. मयतीचं कापड कात्रीनं कापायचं नाही, हातानं फाडायचं. भाव सांगायचा नाही. माणूस तेरावं झाल्यावर येऊन जे ठेवील ते कपाळाला लावून घ्यायचं.

“नाल्यापल्याड?” ती म्हणाली. “तिथं कायले?”

“गिऱ्हाईक त तिकडूनच जाते ना, बाई.”

“जगदेवा, सामान घरून निंगाच्या आधी लागते. मसणात पोचल्यावर कोण बांबू घ्याले येते?”

“ते मंग पाहू,” तो म्हणाला. “बस्त्याच्या दिवशी तेवढं बंद ठेवा. माह्यासाठी.”

“ठेवीन,” ती म्हणाली, आणि पुन्हा सुतळीला लागली. जगदेव जिंकून परतला, पण त्याला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

तर तो दिवस आता उजाडला होता. बाजाराचा दिवस. मेडशीची मोटार येऊन गेली, लाउडस्पीकरवर सनई वाजून वाजून घोगरी झाली, सरबतातला बर्फ विरघळला, तरी बस्ता आला नाही. जगदेव गल्लीच्या तोंडाशी उभा राही, दुकानात येई, पुन्हा तोंडाशी जाई. वाशीमला गेले असतील. कोणीतरी कान भरले असतील. रूपलाचं काही झालं असेल आणि त्यांच्या कानावर आलं असेल. उदयसिंग बोर्डाखाली हाताची घडी घालून उभा होता आणि दर थोड्या वेळानं जगदेवकडे असा पाहत होता, जणू हा बस्ता जगदेवनंच खिशात लपवून ठेवला आहे.

ऊन चांगलं तापलं तेव्हा ती मंडळी आली, तीही भलत्याच बाजूनं. पुढे दौलतराव, घामानं निथळलेले. त्यांच्यासोबत त्यांचे होणारे व्याही, मुलीचे वडील गोविंदराव आणि त्यांची बायको, मागे दोन्हीकडच्या बायका. सगळ्यांत शेवटी दौलतरावांची आई, चंपाबाई, पांढऱ्या लुगड्यातली, काठी टेकत.

“शुभमंगल पेठ कुठं हाय म्हून अर्ध्या गावाले इचारलं जी,” दौलतराव म्हणाले. “कोणालेच ठाव नाई.”

“मंग सापडली कशी?”

दौलतरावांनी उपरणं झटकलं. “सापडली इचारत इचारत.”

काय विचारत सापडली ते जगदेवला समजलं. पण माणसं आली होती, हे काय कमी होतं?

तो त्यांना घेऊन वळला, तोच चंपाबाईची काठी थांबली. गोजराबाईच्या दुकानासमोर. साऱ्या गल्लीत तेवढ्याच एका दुकानाच्या फळ्या लागलेल्या, त्याही नव्या पोपटी रंगात माखलेल्या.

“हे दुकान काहून बंद हाय?” तिनं विचारलं. “कोणी गेलं का गल्लीत?”

बाजाराच्या दिवशी उघड्या ओळीत एकच दुकान बंद असलं तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. त्या घरी मर्तिक झालेलं असतं. अशुभ झाकायला निघालेल्या शहाण्यांनी गल्लीच्या तोंडावरच सुतकाची पाटी लावली होती, आणि त्यातल्या एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. गोविंदरावांनी उचललेलं पाऊल मागे घेतलं.

“सुतक असन त बस्ता नाई जी करत आमी.”

“नाई नाई,” जगदेव म्हणाला. “गावाले गेली ते बाई. लेकीकडे. मंगरूळपीरले.” खोटं इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. उदयसिंगनं गंभीरपणे मान हलवली. फळ्यांच्या आत कुठंतरी भांडं वाजलं, पण सनईत ते विरून गेलं. निदान जगदेवनं तशी आशा धरली.

मंडळी दुकानात बसली. सरबत झालं. जगदेवनं शालूंची घडी पुढे ओढली, तशी चंपाबाईनं हात वर केला.

“पयले अंतरपाट,” ती म्हणाली. “आमच्या घरी अंतरपाट फाडल्याबिगर लुगड्याले हात लावत नाई. कोरा, पांढरा, थानातून दोन्ही घरच्याइच्या समोर फाडलेला.”

जगदेवचा हात सवयीनं सगळ्यात खालच्या फळीकडे गेला. बापाच्या वेळेपासून मांजरपाट तिथंच असायचा. हाताला गुलाबी पॉपलीन लागलं. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात त्याला आपण किती मूर्ख आहोत ते लख्ख दिसलं. लग्नाची पेठ मांडायला निघालेल्यांनी नवरा-नवरीच्या मधे धरायचं कापडच पेठेबाहेर काढलं होतं. त्याच्याच काय, ओळीतल्या एकाही दुकानात वीतभर मांजरपाट उरला नव्हता.

“हे धोतर पाहा, दूध हाय निस्तं.”

“काठ हाय त्याले.”

“मंग हे दुसरं पॉपलीन.”

“हे पिवळं हाय बाप्पा.” चंपाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “कापडाच्या दुकानात मांजरपाट नाई?”

“काई हरकत नाई, माय,” दौलतराव म्हणाले. ते रागानं बोलले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. “वाशीमची मोटार हायेच आता. तिथं सारंच मिळते.”

जगदेवला समोर साल्याचं दुकान दिसायला लागलं. “गोदामात हाय,” तो म्हणाला. “आनतो. बसा तुमी, बसा.” आणि मागच्या दारानं निघाला.

गोजराबाईच्या मागच्या दाराची कडी लावलेली नव्हती. आत अंधार, आणि पत्र्याखाली जीव घाबरा होईल अशी तलखी. ती थानांच्या चळतीशेजारी बसली होती, पदरानं वारा घेत. कोणी आवाज ऐकेल म्हणून हातातली सुतळीसुद्धा तिनं खाली ठेवली होती.

“बाई, एक थान द्या. लवकर.” त्यानं कसंबसं सांगितलं.

तिनं पदराचा वारा थांबवला. “मयतीच्या दुकानातलं कापड लग्नाले? नाई, जगदेवा. काई कमीजास्त झालं त त्या पोरीचं नशीब, अन् पाप माह्या डोक्यावर.”

“वाशीमले चालले ते लोक. मी अकोल्याले जाईन मंग. दुकान मोडून जाईन.”

“अन् मी नाल्यापल्याड,” ती म्हणाली.

तिनं हे टोमण्यानं म्हटलं असतं तर जगदेवला सोसलं असतं. आज ऊन फार आहे, असं म्हणावं तसं ती म्हणाली. जगदेवची मान खाली गेली. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा वाशीमची मोटार किती वाजता सुटते हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं, याची त्याला आणखी लाज वाटली.

ती उठली. वरचं थान त्याच्या हातात दिलं. “थानं तुह्येच हायेत. म्या उलगडलंबी नाई. ने. पन एक करजो. कुठून आनलं म्हून कोणी इचारलं त खोटं नको सांगू. लग्नाचं कापड हाय.”

जगदेवनं थान आणून गादीवर ठेवलं. कोणी विचारू नये म्हणून तो लगबगीनं उलगडायला लागला. पण चंपाबाईनं थानाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. बोटाला गुलाल लागला होता.

“गोदामात गुलाल ठेवतं का तू?”

“शकुन हाय जी तो,” दारातून उदयसिंग पटकन म्हणाला.

जगदेवच्या जिभेवर दुसरं खोटं तयार होतं. चांगलं होतं, चाललंही असतं. पण तलखीत बसलेली ती बाई त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

“गोजराबाईच्या दुकानातून आनलं,” तो म्हणाला. “ते बंद दुकान तिचंच हाय. मर्तिकाचं सामान विकते ते. आमची पांढरी थानं आमीच तिच्याकडे नेऊन टाकली. अन् ते मंगरूळपीरले नाई गेली. घरातच हाय. आमीच तिले बंद कराले सांगतलं.”

मग गोविंदराव उठले. त्यांच्या बायकोनं पदर सावरला आणि काही सांडलं असावं तसा लेकीसाठी काढलेला शालू दूर सारला. दारातला उदयसिंग जगदेवकडे असा पाहत होता की नजरेनं माणूस मरत असता तर गोजराबाईला लगेच गिऱ्हाईक मिळालं असतं.

“हे गोजराबाई म्हंजे,” चंपाबाई सावकाश म्हणाली, “वाळलेली, भाव न सांगनारी?”

“तेच जी.”

“मंग ते हाय अजून.” म्हातारीनं काठी जवळ ओढली. “दुष्काळाच्या साली माह्या मालकाले इथंच दवाखान्यात आनलं होतं. इथंच गेले. दौलत रोजगार हमीच्या कामावर, मी एकटी. गावात कुत्रं वळखीचं नाई. त्या बाईनं कापड फाडलं, बांबू बांधले, गाडी करून देली, अन् मले तोंड धुवाले पानी देलं. दौलत तेराव्यानंतर आला त त्याले म्हने, जे हाय ते ठेव.” ती गोविंदरावांकडे वळली. “इवाई, वाशीमले काय कापड भेटत नाई? म्याच म्हटलं, बस्ता करू त त्याच गल्लीत करू. सकायपासून शुभमंगल शुभमंगल करत फिरलो अन् मले वाटलं आपन भलतीकडेच आलो. मयतगल्ली म्हटल्यावर एका पोट्ट्यानं बोट दाखोलं, तवा जिवात जीव आला.”

इतके दिवस जगदेव समजत होता की हा बस्ता बोर्डानं आणला, पोपटी रंगानं आणला. तो आणला होता फळ्यांआड कोंडून ठेवलेल्या बाईनं.

“तुमचं मन नसन त वाशीमले चला,” म्हातारी गोविंदरावांना म्हणाली. “जबरदस्ती नाई.”

गोविंदरावांनी बायकोकडे पाहिलं. बाहेर सनईची तबकडी संपली होती आणि नुसती खरखर ऐकू येत होती. मग त्यांच्या बायकोनं थान जवळ ओढलं, उलटंसुलटं करून पाहिलं, नखानं सूत तपासलं.

“कोरं त हाय,” ती शेवटी म्हणाली. “गुलालाकडलं हातभर सोडून द्या.”

चंपाबाई उठली ती थेट गोजराबाईच्या ओट्यावर गेली आणि काठीनं फळी वाजवली. “उघड वो बाई. अंतरपाट फाडनं हाय. तुह्यासमोर फाडू.”

“मी नाई येत,” आतून आवाज आला. “लग्नाच्या मानसात माहं तोंड नको.”

“मी बी रांडच हाओ वो. मले त नातवानं समद्याच्या म्होरं बसोलं.”

बऱ्याच वेळानं एक फळी सरकली. तेवढ्या फटीतून गोजराबाईचा अर्धा चेहरा दिसला. ती बाहेर आली नाही, पण आतही गेली नाही.

थान जगदेवनं धरलं. घामेजल्या बोटांनी गुलालाकडचा हातभर तुकडा वेगळा केला, मग दातानं कडेला चीर दिली आणि फाडलं. मांजरपाट फाटल्याचा तो कोरडा, लांब आवाज गल्लीभर गेला. बांगड्यांच्या दुकानातून ललिताबाईनं सवयीनं मान बाहेर काढली आणि विचारलं, “कोण गेलं?”

मग गोविंदरावांच्या बायकोला हसू फुटलं, आणि ते रडण्यासारखं का होईना, पण हसू होतं. तिनं अंतरपाटाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. बस्ता सुरू झाला आणि दिवस कलेपर्यंत चालला. शालू, लुगडी, धोतरं, फेटे. उदयसिंगच्या दुकानातून रुखवताची भांडी गेली, ललिताबाईकडून चुडा गेला. जगदेव थानामागून थान उलगडत होता, आणि अजूनही त्याला खरं वाटत नव्हतं.

निघताना चंपाबाई पुन्हा त्या ओट्यापाशी थांबली. “आता आलीच हाओ,” ती आत पाहून म्हणाली, “त माह्यासाठी बी फाडून ठेव. त्याच थानातलं. नातवाच्या अंतरपाटाच्या जोडीचं.”

“माय, काय बोलून राह्यली?” दौलतराव ओरडले. जगदेवनं बांधलेल्या गाठोड्यांकडे पाहिलं. ती अजून गाडीत चढायची होती.

“आधीपासून फाडून ठेवाची माही रीत नाई, बाई,” गोजराबाई म्हणाली. “वेळ येईन तवा मानूस पाठोजा. मी इथं हाओच.” बोलता बोलता तिला नाल्यापल्याडचं आठवलं असावं. ती गप्प झाली.

म्हातारीनं ती गप्प झालेली पाहिली. मग वळून जगदेवकडे पाहिलं.

“हाय ना हे इथंच?”

उदयसिंग बोर्डाखाली उभा होता. बाशिंगवाला, ललिताबाई, झाडून सगळी पेठ ओट्यावर आलेली. नाल्यापल्याडचं काय ठरलं होतं ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते मोडलं तर उद्यापासून कोण बोलणार नाही तेही जगदेवला ठाऊक होतं. नव्या नावाचं काय होईल, पुढचा बस्ता येईल की नाही, आखाजीनंतर आपण इथं असू की अकोल्याला, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं.

“इथंच हाय जी,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “ते इथंच राहीन.”

गोजराबाईनं उरलेल्या फळ्या एकेक करून काढल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या.